रुग्णालयाची शाळा करणारा वैद्य : डॉ. एलियट जॉस्लिन



नाताळच्या फराळाचे ताट पुढे आले असता करंजीकडे पाहून हात आवरता घेणारी एखादी वडीलधारी व्यक्ती तुमच्या घरात असेलच. कदाचित ती व्यक्ती तुम्ही स्वतःच असाल. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचे, ठरल्या वेळी गोळी किंवा इन्शुलिन घ्यायचे, रोज चालायचे, रात्री निजण्यापूर्वी पायांची बोटे न्याहाळायची, हा क्रम आज आपल्या देशातील असंख्य घरांच्या अंगवळणी पडला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. रुग्णाने आपल्या आजाराचे शिक्षण घेतले पाहिजे, ही कल्पना रुग्णालयात कशी रुजली, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. त्या कल्पनेसाठी सुमारे सत्तर वर्षे झिजलेल्या एका माणसाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्याचे गुण सांगताना त्याच्या शिकवणुकीतील एक कठीण बाजूही मी झाकून ठेवणार नाही. कारण तिचा संबंध आपल्या घरातील आणि मंडळीतील रुग्णांशी आहे.

आईचा आजार

एलियट प्रॉक्टर जॉस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑक्सफर्ड नावाच्या लहानशा गावी झाला. वडिलांचा पादत्राणांचा कारखाना होता. घरची सुबत्ता होती, तरी वळण जुन्या प्युरिटन पंथाचे, म्हणजे वेळेचे भान, काटकसर आणि स्वतःवर अंकुश यांचे होते. त्या वळणाचा ठसा एलियट यांच्या स्वभावावर अखेरपर्यंत राहिला. येल येथून पदवी घेऊन त्यांनी १८९५ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळवली.

विद्यार्थिदशेतच, १८९३ मध्ये, मधुमेहाने क्षीण झालेली एक आयरिश तरुणी त्यांनी तपासली. तिची नोंद त्यांनी एका वहीत केली. पुढे जो जो मधुमेही त्यांच्याकडे आला, त्याचे नाव, वय, वजन आणि पुढील हालहवाल त्या वहीत चढत गेली. एका वहीच्या अनेक वह्या झाल्या. रुग्ण बरा वाटून घरी गेला तरी वर्षानुवर्षे त्याची चौकशी करायची आणि तो वारला तर कशाने वारला हेही लिहून ठेवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या उपचाराचा खरा हिशेब रुग्णाच्या आयुष्याच्या शेवटीच लागतो, हे त्या वह्यांनी त्यांना शिकवले.

युरोपात जाऊन त्यांनी त्या काळचे मधुमेहाचे मोठे जाणकार नॉनिन यांच्याजवळ अभ्यास केला आणि १८९८ मध्ये बॉस्टन शहरात आपला दवाखाना थाटला. त्यानंतर थोड्याच काळात खुद्द त्यांच्या आईला मधुमेह असल्याचे निदान झाले. त्यांच्या मावशीलाही हाच आजार होता. आईचे नावही त्याच वहीत लिहिले गेले. ती त्यांची आठवी मधुमेही रुग्ण होती. तेव्हा या आजारावर औषध नव्हते. आईने मुलाच्या सांगण्याप्रमाणे आहार आवरला आणि निदानानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ती जगली. आजारी माणूस समजूतदारपणे वागला तर आयुष्य वाढते, हे जॉस्लिन यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी स्वतःच्या घरात पाहिले. मधुमेहालाच वाहून घेणारे अमेरिकेतील पहिले डॉक्टर म्हणून पुढे त्यांचे नाव झाले.

उपासाची वर्षे

वाचकहो, इन्शुलिन मिळण्यापूर्वीचा काळ आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. आपल्या जठरामागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून रक्तात उतरणाऱ्या इन्शुलिन या अंतःस्रावामुळे, म्हणजे हार्मोनमुळे, अन्नातील साखर शरीराच्या कामी येते. हा स्राव आटला की रक्तात साखर साचते, ती लघवीवाटे वाहून जाते आणि भरल्या ताटासमोर बसूनही माणूस उपाशी मरतो. ज्या मुलांना हा आजार जडे, ती बहुधा वर्षा-दोन वर्षांत बेशुद्ध होऊन दगावत.

साधारण १९१४ च्या सुमारास फ्रेडरिक अ‍ॅलन या संशोधकाने उपासाचा उपचार पुढे आणला. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला जवळजवळ निराहार ठेवायचे आणि नंतर सोसेल तितकेच अन्न हळूहळू द्यायचे. भाज्यांतील पिष्ट निघून जावे म्हणून त्या तीन-तीन वेळा पाणी बदलून उकडल्या जात. जॉस्लिन यांनी हा मार्ग पत्करला. १९१६ मध्ये त्यांनी आपल्या एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला उपचारग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या आहारक्रमाने मृत्यूंचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनी त्यात नोंदवले.

पण या आकड्यामागे केवढी वेदना होती! वजन घटून हाडांचे सापळे झालेले स्त्री-पुरुष आणि मुले त्यांच्याकडे अन्न मागत होती आणि ते नाही म्हणत होते. बदल्यात देण्यासारखे आश्वासन त्यांच्याजवळ एकच होते : आणखी काही महिने, फार तर आणखी काही वर्षे. काही रुग्ण मधुमेहाने न मरता उपासमारीनेच मेले. ही दया होती की क्रौर्य, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो प्रामाणिक प्रश्न होता. जॉस्लिन यांना उद्या काय होणार हे ठाऊक नव्हते. रुग्ण जिवंत राहिला तर उपाय सापडण्याची वेळ त्याला गाठता येईल, इतकाच त्यांचा भरवसा होता.

शुष्क अस्थींचे खोरे

ती वेळ आली. १९२१ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिनचा शोध लावला. ते माणसाला टोचता येईल इतके शुद्ध करण्यात कॉलिप यांचा वाटा मोठा होता. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जॉस्लिन यांनी आपल्या रुग्णाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली. ती रुग्ण स्वतः एक परिचारिका होती. चाळिशी ओलांडलेली ही बाई पाच वर्षे आहार आवरून जगली होती. तिचे वजन जेमतेम तीस-बत्तीस किलो उरले होते आणि कित्येक महिने तिला घराबाहेर पडता आले नव्हते. काही आठवड्यांतच ती रोज पायी फिरू लागली.

त्या वर्षीच्या नाताळापर्यंत असे इतके रुग्ण त्यांच्यासमोर उठून उभे राहिले की, जॉस्लिन यांना यहेज्केल संदेष्ट्याच्या सदतिसाव्या अध्यायातील दर्शन आठवले. खोरेभर पसरलेल्या शुष्क अस्थींवर स्नायू, मांस आणि त्वचा चढते आणि अखेरीस त्यांच्यात श्वास येतो, ते हे दर्शन. पुढे अनेक वर्षांनीही इन्शुलिनच्या आगमनाविषयी लिहिताना त्यांना हीच उपमा सुचली. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ती विशेष भावते. त्या अध्यायातील इब्री शब्द रूआह याचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिन्ही प्रकारे होतो, आणि मांस चढल्यावरही देह निर्जीवच राहतात, रूआह आल्यावरच उभे राहतात. जॉस्लिन यांना असाच काहीसा भेद लवकरच उमगला. इन्शुलिनने देह भरले. पण त्या देहाने पुढची वीस-तीस वर्षे कशी जगायची, हे इन्शुलिनची बाटली सांगू शकत नव्हती.

टेबलाची सेवा

येथे एका रुग्णालयाची ओळख करून द्यायला हवी. १८९६ मध्ये बॉस्टनमधील मेथडिस्ट मंडळीच्या डीकनेस भगिनींनी चौदा खाटांचे एक लहान रुग्णालय सुरू केले. न्यू इंग्लंड डीकनेस रुग्णालय हे त्याचे नाव. डीकनेस या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि पंक्तीत वाढण्याची, टेबलाजवळ राबण्याची सेवा हा त्याच्या जुन्या अर्थांपैकी एक होय. रोमकरांस पत्रातील फिबी ही अशीच मंडळीची सेविका होती. जॉस्लिन यांनी आपल्या मधुमेही रुग्णांसाठी हेच रुग्णालय निवडले, आणि या निवडीत नाव व काम यांचा सुंदर मेळ पडला. कारण मधुमेह्याची शुश्रूषा ताटापासूनच सुरू होते. तराजूवर अन्न मोजून देणे, उरलेले पुन्हा मोजणे, लघवी तपासणे, वहीत लिहिणे, हे काम डॉक्टरांच्या धावत्या फेरीत होणारे नव्हते. ते परिचारिकांनी उचलले.

जॉस्लिन यांनी या परिचारिकांना शिक्षिका केले. त्यांच्यातील काहींना ते रुग्णांच्या घरीही पाठवीत. त्या रुग्णाच्या स्वयंपाकघरात उभ्या राहत, त्याच्या घरचे अन्न पाहत, सुई उकळून निर्जंतुक कशी करायची, मांडीत कशी टोचायची हे घरच्यांना शिकवत. आज मधुमेहाचे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका जगभर आहेत. त्यांची परंपरा येथून सुरू होते.

१९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. रुग्णाच्या हाती त्याच्याच आजाराचे ज्ञान द्यावे, हे त्या काळी अनेक डॉक्टरांना रुचणारे नव्हते. पण लॅटिन भाषेत डॉक्टर या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक असा आहे आणि जॉस्लिन यांनी तो अर्थ अक्षरशः खरा केला. जुन्या वाचकांना आठवत असेल, काचेच्या नळीत निळे द्रावण घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळा रंग टिकला तर साखर नाही, हिरवा, पिवळा अथवा विटकरी झाला तर साखर चढत गेली. ही परीक्षा त्यांचे रुग्ण दिवसातून अनेकदा स्वतः करीत. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे एका रथाचे तीन घोडे असून लगाम रुग्णाच्याच हाती असतो, असे ते समजावून सांगत.

१९३४ मध्ये या रुग्णालयात मधुमेहासाठी बेकर यांच्या नावाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९५६ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीत तर अंथरुणाला खिळलेले नसलेले रुग्ण काही दिवस राहत, एकत्र जेवत, वर्गात बसून शिकत आणि मगच घरी जात. मुलांसाठी शिबिरे निघाली. डॉ. प्रिसिला व्हाइट या त्यांच्या सहकारी भगिनीने १९२४ पासून गर्भवती मधुमेही स्त्रियांची काळजी घेतली. त्यांनी काम सुरू केले तेव्हा अशा मातांची जेमतेम निम्मी बाळे वाचत होती. पन्नास वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक वाचू लागली होती.

पायांची काळजी

इन्शुलिनने मृत्यू टाळला, पण आजार टाळला नाही. पूर्वी जॉस्लिन यांच्या वहीतील निम्म्याहून अधिक मृत्यू मधुमेहाच्या बेशुद्धीने झालेले असत. ते झपाट्याने घटले. मात्र रुग्ण दीर्घकाळ जगू लागताच नवे शत्रू दिसू लागले : दृष्टी जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे, हृदयविकार आणि पाय सडणे. पायाची संवेदना गेलेली असल्याने लहानशी जखम कळत नाही, ती चिघळते आणि पाय कापावा लागतो.

डीकनेस रुग्णालयात जॉस्लिन यांनी शल्यविशारद आणि परिचारिका यांच्या साहाय्याने पायांच्या निगेची व्यवस्था केली. पाय कोमट पाण्याने धुणे, बोटांमधील फटी कोरड्या करणे, नखे सरळ कापणे, बूट पारखून घेणे, हे तेथे शिकवले जाई. ज्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचला आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. पाय सडणे हे दैवाने धाडलेले संकट नसून ते दुर्लक्षातून येते आणि म्हणून टाळता येते, असे १९३४ मध्ये जॉस्लिन यांनी ठामपणे मांडले. ज्या समाजात आजार हा देवाचा कोप मानला जातो, तेथे हे विधान किती सुटका करणारे आहे!

गावाकडे पाहण्याची हीच दृष्टी त्यांच्याजवळ होती. १९२१ मध्ये त्यांनी एका शांत खेड्यातील शेजारीशेजारी असलेल्या तीन घरांची हकीकत लिहिली. त्या घरांत एकामागून एक राहिलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने गेले होते. साथीचा ताप असता तर सारे आरोग्यखाते धावले असते. मधुमेह असल्याने कोणाचे लक्षही गेले नाही, ही त्यांची खंत होती. पुढे १९४६-४७ मध्ये त्यांच्या जन्मगावी, ऑक्सफर्ड येथे, सरकारी आरोग्यसेवेने पाहणी केली. तपासलेल्या ३,५१६ लोकांत ७० मधुमेही आढळले, आणि त्यांतील ३० जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

पदक आणि दोष

आता ती कठीण बाजू. जॉस्लिन यांचा ठाम विश्वास होता की, रक्तातील साखर काटेकोर आवरली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू वाचतात. पुष्कळ डॉक्टरांना हे मान्य नव्हते. रुग्णाला बरे वाटत असेल तर थोडी साखर वाढली म्हणून काय बिघडले, असे म्हणणारेही होते. जॉस्लिन यांनी १९४८ पासून, पंचवीस वर्षे मधुमेहासह जगून ज्यांच्या शरीरात कोणतीही हानी आढळली नाही, अशांना विजयाचे पदक देण्यास सुरुवात केली. हेतू उत्तेजन देण्याचा होता.

पण वाचकहो, ज्याला पदक मिळाले नाही त्याचे काय? ज्याने वर्षानुवर्षे अन्न मोजले, सुया टोचून घेतल्या आणि तरीही ज्याची दृष्टी गेली, त्याने काय समजायचे? आजार दैवाचा नाही, दुर्लक्षाचा आहे, हे वाक्य सुटका करते. तेच वाक्य अंध झालेल्या रुग्णाच्या उशाशी उच्चारले तर आरोप होते. आज आपल्याला कळते की, त्या काळचे इन्शुलिन ओबडधोबड होते, लघवीची तपासणी रक्तातील खरी स्थिती सांगण्यास अपुरी होती, आणि आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. आज्ञाधारक रुग्णही अपयशी ठरत होते आणि दोष मात्र स्वतःवर घेत होते. जन्मांध मनुष्याला पाहून पाप कोणाचे, असे विचारणाऱ्या शिष्यांची चूक फार जुनी आहे. प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या माणसाला बरे केले. जॉस्लिन यांच्या कडक वळणाची ही उणीव होती, असे मला वाटते. त्यांच्या नावाच्या संस्थेने १९७० पासून पन्नास वर्षे मधुमेहासह जगलेल्यांनाही पदक देण्यास आरंभ केला. इतकी वर्षे चिकाटीने जगणे हीच गौरवाची गोष्ट आहे, याची ती पावती होती.

तथापि मूळ मुद्द्यावर जॉस्लिन खरे ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा वाद मिटलेला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर आवरलेल्यांत डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाच्या विकाराचा ५० टक्क्यांनी आणि मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी कमी आढळला. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली : या रुग्णांत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणून शिस्त हवी. पण ती प्रत्येकाचे वय, प्रकृती आणि परिस्थिती पाहून.

आपल्यासाठी

आपल्या भाषेत पथ्य हा किती अर्थपूर्ण शब्द आहे पाहा. तो पथ, म्हणजे वाट, या शब्दापासून आला आहे. जे वाटेला धरून असते, ते पथ्य. वाट म्हटली की चालणाऱ्याला सोबत लागते आणि ठेचही लागते. जॉस्लिन यांनी वाट दाखवली, शिकवणाऱ्या परिचारिकांच्या रूपाने सोबत दिली. ठेच लागलेल्याला न रागावता उठवण्याचे काम मात्र त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.

तेव्हा घरात कोणाची साखर वाढली, तर ताटावरून त्याला बोल लावू नका; त्याच्याबरोबर चालायला निघा. आई इन्शुलिन घेत असेल, तर सुई कशी टोचायची आणि साखर उतरल्याची लक्षणे कोणती, हे घरातील आणखी एकाने शिकून घ्या. घाम सुटणे, हात कापणे, गोंधळल्यासारखे होणे अशी ती लक्षणे असतात, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर अशा वेळी साखरेचे पाणी ताबडतोब पाजावे लागते. मंडळीत परिचारिका भगिनी असतील, तर उपासनेनंतर अर्धा तास त्यांनी वडीलधाऱ्यांचे पाय पाहावेत, नखे कशी कापावीत ते सांगावे. याला मोठ्या निधीची गरज नाही. एक घमेले, कोमट पाणी आणि स्वच्छ पंचा पुरेसा आहे.

आणि येत्या नाताळात फराळाचे ताट फिरेल तेव्हा, हात आवरणाऱ्याच्या पुढे मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पेरूची फोड आठवणीने ठेवा. पंक्तीत वाढण्याची सेवा मंडळीत फार जुनी आहे.